चार बंद पिचकाऱ्या

वहिनी: ...वायसर शोधत होते, भावोजी, दुसरं काही नाही. कॉम्प्रेसरमागचा डबा उघडला. वर गंजके खिळे आणि खिळ्यांखाली फडक्यात गुंडाळलेल्या या चार. कुठल्या इंजिनाच्या?

भावोजी: असतील कुठल्या तरी जुन्या. द्या इकडे.

वहिनी: देत नाही. भंगार कुणी फडक्यात गुंडाळून ठेवतं का?

भावोजी: सकाळी सकाळी काय हे, वहिनी...

वहिनी: सकाळ कसली, साडेदहा वाजले. या तेल मारायच्या पिचकाऱ्या आहेत. चार सिलेंडरच्या चार. आपल्या घरात चार सिलेंडरची, टर्बो लावलेली एकच गाडी आहे आणि ती घेऊन माझी लेक आत्ता शर्यतीसाठी घाटाच्या पायथ्याशी उभी आहे. माझ्याकडे बघून बोला.

भावोजी: तिच्याच आहेत.

वहिनी: मग त्यांच्या जागी आत काय आहे?

भावोजी: बोल्ट. भोकांना आटे पाडले आणि बोल्ट बसवले. घट्ट आहेत. थेंब गळायचा नाही.

वहिनी: गळायचं कोण विचारतंय! पिस्टनच्या डोक्यावर आग असते. खालून ही धार त्याच्या पोटावर पडते म्हणून तो जगतो. तुम्ही त्याचं पाणीच तोडलंत. कधी केलंत हे?

भावोजी: चार महिने झाले. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा.

वहिनी: वा. बरा मुहूर्त साधलात.

भावोजी: तसं नका ना म्हणू. नवे पिस्टन आले, नवे रॉड आले. बसवायला घेतले तर पिस्टनचा खालचा काठ पिचकारीच्या नळीला घासत होता. केसभरच, पण घासत होता. नळी जरा वाकवली तर धार भलतीकडे जायला लागली. माझी सरळ पट्टीवरची शर्यत तीन दिवसांवर आलेली. काय करणार होतो मी?

वहिनी: पिस्टनला खाच पाडायची. एकेकाला अर्धा तास लागतो. तुमच्या भावाने माझ्यासमोर चाळीस वेळा केलंय, मी स्वतः केलंय.

भावोजी: तुम्ही नव्हतात.

वहिनी: मेले नव्हते. डोळ्याला पट्टी बांधून घरात बसले होते. विचारायला तोंड होतं तुम्हाला, ऐकायला कान होते मला.

भावोजी: आणि सगळेच काढतात, वहिनी. सरळ पट्टीवर धावणारी गाडी बघा कुठलीही. त्या पिचकाऱ्या पंपाचं तेल खातात. त्या बंद केल्या की ते तेल क्रँकच्या बेअरिंगला मिळतं. मी स्वतः काट्यावर पाहिलं, दाब चांगला वर गेला. शिवाय ते उडालेलं तेल क्रँकवर पडतं, क्रँकला ते फेटत बसावं लागतं, ताकद जाते. फायदा नाही असं नाही.

वहिनी: असेल.

भावोजी: असेल काय, आहे. दोन शर्यती जिंकलो ना लागोपाठ.

वहिनी: किती वेळाची असते तुमची ती पट्टी?

भावोजी: बारा सेकंद. साडेबारा धरा.

वहिनी: बारा सेकंदांत पिस्टनला तापायला सवड तरी मिळते का? तापेस्तोवर तुम्ही ब्रेक मारून परत फिरलेले असता, पोरं टाळ्या वाजवत असतात. तिथं तुमचं बरोबर होतं, मी नाही म्हणत नाही. आणि तिचा घाट किती?

भावोजी: चौदा किलोमीटर.

वहिनी: मिनिटं सांगा.

भावोजी: अकरा. चांगली चालवली तर.

वहिनी: अकरा मिनिटं पाय खाली. सगळा चढ. टर्बो एकदा भरला की उतरायचा नाही. आणि खालून धार नाही. सांगा, मीच वेड्यासारखी घाबरतेय का?

भावोजी: पिस्टन जाड आहेत. घडवलेले आहेत, ओतीव नाहीत. ते सोसतात.

वहिनी: अकरा मिनिटं सोसतात?

भावोजी: माहीत नाही.

वहिनी: माहीत नाही आणि तुम्ही किल्ली तिच्या हातात दिलीत.

भावोजी: मागितली हो तिने! तिच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला, आठ दिवसांवर शर्यत, इथं या स्टुलावर बसून रडत होती. काका, तुमची द्या म्हणाली. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होतो? म्हटलं, इंजिन खोलून पिचकाऱ्या परत बसवतो. रोज म्हणत होतो, आज खोलतो. पण खोललं असतं तर तुम्ही विचारलं असतं, का खोलताय.

वहिनी: मी विचारेन म्हणून?

भावोजी: हो.

वहिनी: आपल्या कारखान्यात एकच नियम आहे. इंजिन बंद करताना टेबलावर काही उरलं तर इंजिन परत उघडायचं. तुम्ही उरलेलं टेबलावरनं उचलून डब्यात घातलंत. आणि आज कंबर धरली म्हणून घरी थांबलात. मी सकाळी तुमच्या कमरेला शेक दिला, भावोजी. शेक दिला मी.

भावोजी: मला बघवलं नसतं तिथं.

वहिनी: फोन लावा तिला. उभे काय राहिलात? लावा आणि मोठा आवाज ठेवा.

भावोजी: लावतोय. तिचं नाव सापडत नाहीये यात.

वहिनी: आणा इकडे. तिचा नंबर कितवा आहे सुटायला?

भावोजी: तेविसावा. एकेका मिनिटाने सोडतात. आत्ता एकोणीस-वीस चालू असेल. उचलते का?

वहिनी: रिंग जातेय. भिंगरी? भिंगरे, ऐकू येतंय का?

भिंगरी: आई! बरं झालं केलास. डोकं टोपात घालायच्या बेतात होते. इथं काय वारा सुटलाय, विचारू नकोस. काका आहेत का? त्यांना दे, त्यांना एक आनंदाची बातमी आहे.

भावोजी: मी आहे, बाळा. ऐकतोय.

भिंगरी: काका, तुमचं इंजिन म्हणजे ना, सोनं आहे. काल सरावाला खालचे दोन-दोन किलोमीटर सोडत होते, चार वेळा मारले. तेलाचा काटा माझ्या गाडीपेक्षा पंधरा डिग्री खाली! सगळ्यांची तेलं उकळतायत आणि आपलं गार. ते पलीकडचे लोक येऊन विचारून गेले, कुठला कूलर लावलाय म्हणून. काका? हसताय ना?

वहिनी: भावोजी, सांगा तिला.

भिंगरी: काय सांगा?

भावोजी: बाळा, क्लचचा वास येतोय का गं तुला?

भिंगरी: क्लचचा? नाही. क्लच मस्त आहे.

भावोजी: नाही, मला शंका आहे जरा. पातळ झाला असेल. आज नको सुटूस. परत ये, आपण बघू.

भिंगरी: काका, क्लच मी परवा स्वतः पाहिलाय. तुम्ही पण होतात की शेजारी.

वहिनी: भावोजी, क्लचसाठी ही पोरगी थांबणार नाही. क्लच जळला तर जळला म्हणून वर जाईल. खरं सांगा. वेळ नाही.

भिंगरी: आई, काय झालंय? तुझा आवाज असा का येतोय?

भावोजी: बाळा, तेल गार आहे ते... ते चांगलं नाही. तेल गार आहे कारण ते पिस्टनपर्यंत जातच नाही. पिस्टनची उष्णता तेलात उतरत नाही, म्हणून काटा खाली. ती उष्णता तिथंच आहे, वर, पिस्टनमध्ये. त्याला काटा नाही.

भिंगरी: का जात नाही?

भावोजी: मी पिचकाऱ्या बंद केल्यात. चारही. बोल्ट मारून. पट्टीवर धावायला बंद केल्या होत्या आणि तुला सांगायचं... नाही सांगितलं.

भिंगरी: कार्डावर नाही लिहिलंत? इंजिनाच्या कार्डावर सगळं लिहिलेलं असतं आपल्याकडे. मी वाचलं ना ते कार्ड. दोनदा वाचलं.

भावोजी: कार्डावर पण नाही लिहिलं.

भिंगरी: मी चार वेळा पाय आपटला काल. पूर्ण खाली.

वहिनी: दोन-दोन किलोमीटर होते गं ते. मध्ये थांबत होतीस म्हणून निभावलं. आज मध्ये थांबायचं नाहीये. उतर गाडीतून.

भिंगरी: आई, माझ्यापुढे आता दोन गाड्या आहेत.

वहिनी: असू देत. उतर.

भिंगरी: तुला माहितीय ना आज वर कोण उभं आहे? ते संघवाले एकच चालक घेणार आहेत पुढच्या वर्षाला. आजच्या वेळेवरनं. तीन वर्षं मी या चढासाठी टायर उचलतेय लोकांचे. तीन वर्षं, आई.

वहिनी: माहितीय मला.

भिंगरी: टर्बोचा बूस्ट कमी करते. काका, ती गोल खुंटी पूर्ण डावीकडे फिरवली तर? अर्ध्या ताकदीने गेले तर पोचेल का? खरं सांगा हं आता, बाकी राहू द्या.

भावोजी: पोचेलही. नाही सांगता येत. वरचे सहा किलोमीटर खडा चढ आहे, तिथं अर्ध्या बूस्टवर सुद्धा पाय खालीच ठेवावा लागतो.

भिंगरी: तुम्ही चालवली असतीत?

भावोजी: नाही.

भिंगरी: मला द्यायच्या आधी विचारलं असतं तर हेच म्हणाला असतात?

भावोजी: हेच म्हटलं असतं.

भिंगरी: मग आठ दिवस कुठं होतात, काका?

वहिनी: भांडण नंतर कर. हवं तर मी तुझ्या बाजूने भांडेन. आत्ता ऐक. पिस्टनची कड वितळायला लागते, मग रिंग चिकटते, मग इंजिन एका झटक्यात धरतं, जागच्या जागी अडकतं. इंजिन धरलं की चाकं धरतात. वळणात धरली तर गाडी तुझं ऐकणार नाही. त्या रस्त्याला उजव्या हाताला काय आहे ते मी पाहिलंय. म्हणून म्हणते, उतर. पाया पडते तुझ्या.

भिंगरी: आई, असं नको ना बोलूस...

भावोजी: बाळा, एवढं डोक्यात ठेव. धरायच्या आधी ते बोलतं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. तो आला की आधी क्लच. पाय उचलायच्याही आधी क्लच दाब, म्हणजे इंजिन धरलं तरी चाकं मोकळी राहतील. मग कडेला घे. आधी क्लच.

वहिनी: खिडकी खाली ठेव. टोपात ऐकू येत नाही नीट.

भिंगरी: हाक मारतायत मला. झेंडा दाखवतायत. आई, मी... फोन मैत्रिणीकडे देते.

वहिनी: तू काय ठरवलंस ते सांग! भिंगरे! जातेस का थांबतेस?

(फोन बंद झाला आहे. दोघं भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे आहेत.)

भावोजी: परत लावा.

वहिनी: लावला. मैत्रीण उचलत नाही. शर्यत ठेवणाऱ्यांचा नंबर आहे का तुमच्याकडे?

भावोजी: एक होता. लागत नाही, मघापासून दुसरीकडे चालू आहे तो.

वहिनी: लावत राहा.

भावोजी: थांबली असेल ती. शहाणी आहे.

वहिनी: शहाणी आहे आणि तीन वर्षं थांबलेली आहे.

भावोजी: वहिनी, तुम्ही बसा तरी.

वहिनी: किती झाले?

भावोजी: चार मिनिटं. सुटली असेल तर पहिला पूल ओलांडला असेल.

वहिनी: सुटली असेल तर म्हणू नका.

भावोजी: बरं.

वहिनी: तो जळलेला पिस्टन आठवतो तुम्हाला? त्या वाळूच्या ट्रकमधला. तुमच्या भावाने खूण म्हणून ठेवला होता, मी लेकीला तो हातात धरू द्यायची नाही. चावलेल्या भाकरीसारखी कड होती त्याची.

भावोजी: नका हो.

वहिनी: मला तोच दिसतोय डोळ्यापुढे.

भावोजी: मी कार्डावर लिहायला घेतलं होतं. खरंच. पेन हातात होतं. मग वाटलं, लिहिलं की तुम्ही वाचाल. तुम्हाला वाटेल, भाऊ गेल्यावर याने कारखान्याची वाट लावली.

वहिनी: मला एवढंच वाटलं असतं की खाच पाडायची राहिली. आपण दोघांनी बसून दुपारपर्यंत पाडली असती.

भावोजी: हो.

वहिनी: किती झाले?

भावोजी: सात. वरचा चढ सुरू होतो आता.

वहिनी: तो आवाज कसला?

भावोजी: बाहेरचा. पाण्याचा टँकर आहे, मागे घेतोय.

वहिनी: बरं.

भावोजी: नऊ.

वहिनी: मोठ्याने मोजू नका.

भावोजी: फोन. वहिनी, फोन वाजतोय.

वहिनी: तिचा आहे?

भावोजी: नाही. नंबर माहितीतला नाही. कुणीतरी... कुणीतरी तिकडचं.

वहिनी: उचला.

भावोजी: तुम्ही उचला.

वहिनी: माझ्याने नाही व्हायचं. उचला हो!

भावोजी: हॅलो?

भिंगरी: काका, मी आहे. आईला सांगा मी आहे.

वहिनी: भिंगरे!

भिंगरी: मी आहे, आई. बरी आहे. हा झेंडेवाल्यांचा फोन आहे. आठव्या किलोमीटरला आहे मी, दगडावर बसलेय.

वहिनी: लागलंय का कुठं? हातपाय हलव. मान हलव.

भिंगरी: काही नाही लागलं. आई, मी सुटले गं. रागावू नकोस. खुंटी पूर्ण डावीकडे फिरवली आणि सुटले. वाटलं, बघू तरी कुठपर्यंत जाते. सातपर्यंत काही नव्हतं, काटे सगळे जागच्या जागी. मग खिडकीतनं खडे वाजल्यासारखं आलं. मला आधी वाटलं, रस्त्यावरची खडी उडतेय. एक क्षणभर वाटलं तसं. मग क्लच दाबला.

भावोजी: आधी क्लच?

भिंगरी: आधी क्लच. आणि पाय उचलेपर्यंत इंजिन आपोआप बंद. काटा एकदम शून्यावर. किल्ली फिरवली नंतर, तर नुसतं टक् म्हणतंय. हलतच नाही आतून.

भावोजी: धरलंय.

भिंगरी: हो ना. पण गाडी चालत राहिली, तशीच, आवाज न करता. वळणातनं काढली मी तिला. कडेला लावली. माझ्या दारापासून चार फूट रस्ता आहे आणि मग काही नाही, आई. दार उघडून पाहिलं तेव्हा कळलं. मी पलीकडच्या दाराने उतरले.

वहिनी: तिथनं दूर हो. आतल्या बाजूला, भिंतीशी जाऊन बस. मी निघाले.

भावोजी: बाळा, मी...

भिंगरी: काका, तुमच्याशी मला आत्ता बोलायचं नाहीये. बोलेन. पण आत्ता नाही. आई, तू ये.

वहिनी: आले. तासाभरात आले. कुणी पाणी दिलं तर पी. आणि उभी राहू नकोस.

भिंगरी: फोन द्यायचाय यांना परत.

वहिनी: दे. भिंतीशी बस हं.

भावोजी: ठेवला तिने. वहिनी, किल्ली घेतो, मी चालवतो.

वहिनी: मी चालवते. तुम्ही आज गाडीला हात लावू नका. शटर ओढा आणि बसा शेजारी. आणि भावोजी, एक विचारते, लपवू नका आता. दोन शर्यती जिंकलात, गावभर झालं असेल. आणखी कुणाच्या पिचकाऱ्या बंद केल्यात?

भावोजी: दोघांच्या.

वहिनी: कोण दोघं?

भावोजी: एक तो फोटोवाला. त्याची गाडी रंगाला उभी आहे, महिनाभर हलायची नाही.

वहिनी: दुसरं?

भावोजी: दातांचे डॉक्टर. मलाही तुमच्यासारखंच करून द्या म्हणाले. पट्टीवर वगैरे जात नाहीत ते. मी सांगितलं होतं, जरुरी नाही. पण फार मागे लागले.

वहिनी: ते आज सकाळीच आले होते ना? चाकात हवा भरायला?

भावोजी: हो. बायको, दोन्ही मुली, मागे सामान. डोंगरापलीकडे निघालेत, तिच्या माहेरी.

वहिनी: तुम्ही हवा भरून दिलीत.

भावोजी: हो. धाकटीने मला हात केला खिडकीतनं.

वहिनी: फोन लावा.

भावोजी: काय सांगू त्यांना? कुठनं सुरू करू?

वहिनी: तिला सांगितलंत तसं. क्लचपासून सुरू करू नका, एवढंच. बसा आत, दार ओढा. लागला का?

भावोजी: रिंग जातेय.

वहिनी: जाऊ दे. धरून ठेवा.

भावोजी: हॅलो? डॉक्टर, मी बोलतोय, कारखान्यातनं. नाही नाही, विसरलं काही नाही तुमचं. आधी एक सांगा, गाडी आत्ता चालू आहे की उभी?